मोहाची गुल्ली आणि विमानाचे इंधन : बालाघाटच्या तेलव्यवसायाचा पूर्वेतिहास

वनस्पतिजन्य तेल आणि तळणीतून उरलेले खाद्यतेल यांपासून विमानाचे इंधन तयार करण्याची विद्या गेल्या दोन दशकांत आकाराला आली असली, तरी ती ज्या कच्च्या मालावर उभी आहे त्याचा व्यापार फार जुना आहे. तो समजून घ्यायचा तर प्रयोगशाळेइतकेच रानाकडे आणि आठवडी बाजाराकडेही पाहावे लागते. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला बालाघाट जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मोह, साल आणि करंज ही तेलबिया देणारी तिन्ही झाडे येथे आढळतात, गेल्या सव्वाशे वर्षांत या बियांना साबण, मेणबत्ती, वनस्पती तूप, जैवडिझेल असे एकामागून एक ग्राहक भेटत गेले, आणि प्रत्येक वेळी व्यवहाराचे यशापयश कारखान्यातल्या रसायनापेक्षा बी वेचणाऱ्या हातांनी, वाळवणीच्या जागेने आणि बाजारातल्या भावाने ठरले.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे असलेल्या गावाचे जुने नाव बुढा असे होते. जिल्ह्याचे दोन भाग पहिल्यापासून वेगळे राहिले आहेत. दक्षिणेला आणि पश्चिमेला वैनगंगेचे सखल खोरे, वारासिवनी, कटंगी आणि लांजी या परिसरातली धानाची बांध्यांची शेती, आणि पोवार, लोधी, मरार, कुणबी, तेली अशी वस्ती. उत्तरेला व पूर्वेला घाट चढून गेल्यावर बैहरचे पठार, तिथले सालीचे रान आणि गोंड व बैगा यांची गावे. पठारावर शेतकरी वस्ती वाढावी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या पोवारांना वर नेऊन वसवले, आणि त्यातून रान व शेत यांचा आजचा सरमिसळ भूगोल घडला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातून मध्य प्रांतात आणि तेथून मध्य प्रांत-वऱ्हाडात असा प्रवास करणाऱ्या या जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण बोली, सोयरिकी आणि बाजार यांनी वैनगंगेच्या प्रवाहाचीच दिशा धरली. जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक भागावर आजही वनाच्छादन आहे.

या भूभागात तेल दोन वाटांनी येत असे. पहिली वाट शेताची होती. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याची पद्धत भंडारा आणि बालाघाट या दोन्ही बाजूंना रूढ होती, आणि नांगरट न करता मिळणाऱ्या या दुसऱ्या पिकातले जवस गावच्या घाण्यावर गाळले जाई. दुसरी वाट रानाची, आणि तिच्यात मोहाचे स्थान सर्वांत वरचे होते. मोहाची फुले चैत्राच्या आगेमागे गळतात, त्यांच्या संकलनाविषयी आणि मद्याविषयी विपुल लिहिले गेले आहे; त्याच झाडाच्या फळांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. फळे ज्येष्ठ-आषाढात पिकतात. गर खाऊन किंवा कुजवून उरलेल्या बीला बालाघाटात गुल्ली आणि विदर्भाच्या बाजूला टोळ किंवा टोळंबी म्हणतात. बीचे वरचे चकचकीत तपकिरी कवच फोडून आतल्या दोन डाळी उन्हात वाळवल्या जातात. ही वाळवण नेमकी त्याच दिवसांत करावी लागते ज्या दिवसांत मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो, रोवणीसाठी घरातला प्रत्येक माणूस बांधीत हवा असतो आणि कोरडे ऊन सलग दोन दिवसही मिळेल याची खात्री नसते.

ऋतूचा हा पेच या तेलाच्या साऱ्या इतिहासाला पुरून उरला. ओलसर राहिलेल्या बीवर बुरशी चढते आणि बीमधलीच विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, तेलाच्या रेणूची फोड करू लागतात. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका लहान कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. त्या साखळ्या कण्यापासून सुटल्या की तेल खवट आणि आम्लधर्मी होते. चांगल्या वाळवलेल्या गुल्लीच्या तेलात अशी मुक्त मेदाम्ले थोडी असतात, तर पावसात सापडलेल्या मालात त्यांचे प्रमाण एकूण तेलाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शापर्यंत जाऊ शकते.

गुल्लीचे तेल काढण्याच्या रीतीही दोन होत्या. पठारावरच्या गोंड घरांत डाळी कुटून, चुरा वाफेवर शिजवून, तो वेलींच्या किंवा बांबूच्या विणलेल्या पिशवीत भरून दोन जाड ओंडक्यांच्या मध्ये ठेवत आणि वरच्या ओंडक्याच्या टोकाला भार देऊन तेल खाली उतरवत. खालच्या खोऱ्यात हे काम तेल्याच्या घाण्याचे होते. मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेल्यांच्या एकबैले आणि दोनबैले अशा पोटभेदांची नोंद आहे. घाण्याला एक बैल जुंपावा की दोन, हा प्रश्न ओळखीचा आणि प्रतिष्ठेचा झाला होता, यावरून त्या यंत्राचे समाजातले वजन ध्यानात येते. निघालेले तेल उन्हाळ्यात पातळ आणि पिवळसर असते, तर हिवाळ्यातल्या सकाळी ते भांड्यात तुपासारखे थिजलेले आढळते. गोंडांच्या स्वयंपाकात, दिव्यात, अंगाला लावण्यासाठी आणि क्वचित तुपात भेसळ करण्यासाठीही ते वापरले जाई. मागे राहिलेली ढेप सॅपोनिन नावाच्या फेसाळ, कडू द्रव्यामुळे गुरांना चालत नसे. ती डोहात टाकून मासे गुंगवण्याच्या कामी येई.

रेल्वे आल्यावर या घरगुती तेलाला परदेशाची वाट सापडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा सातपुडा मार्ग गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर आणि जबलपूरकडे गेला, आणि बैहरच्या पायथ्यापर्यंतचा माल गोंदियाच्या अडतीवर येणे सोपे झाले. त्याच काळात मुंबई बंदरातून मोहाचे बी ‘मोवरा’ या व्यापारी नावाने युरोपला जात होते. त्याचा सर्वांत मोठा ग्राहक जर्मनी होता, कारण तिथल्या साबण आणि मेणबत्तीच्या कारखान्यांना सामान्य तापमानाला घट्ट राहणारी, स्वस्त मेदे हवी होती. रानात ज्या ढेपेने मासे गुंगत, तीच ढेप इंग्लंडात गोल्फच्या हिरवळीवर पसरून गांडुळे वर आणण्यासाठी विकली जात होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन बाजार एका फटक्यात बंद झाला. पावसात गुल्ली वाळवणाऱ्या घरांना त्या घडामोडीची बातमी पडलेल्या भावाच्या रूपानेच मिळाली असणार. दूरच्या एकाच ग्राहकावर उभा राहिलेला व्यापार किती ठिसूळ असतो याचा हा या मालापुरता पहिला मोठा पुरावा होय.

देशांतर्गत मागणीवर त्याआधीच दुसरा आघात झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल खेडोपाडी पोहोचले आणि करंज, मोह, जवस यांच्या तेलाचे दिवे एकामागून एक विझत गेले. खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून, म्हणजे तापवून वाफा वेगवेगळ्या थंड करण्याच्या क्रियेतून, मिळणारे हे द्रव पातळ होते, थंडीत गोठत नव्हते आणि त्याची काजळी कमी होती. पुढे १९३०-४० च्या दशकांत झोताच्या विमानयंत्राचा शोध लागला, तेव्हा त्यासाठीही रॉकेलच्याच जातीचे द्रव निवडले गेले; आज विमानात भरले जाणारे टर्बाइन इंधन हे अधिक शुद्ध आणि अधिक काटेकोर चाचण्यांतून गेलेले रॉकेलच आहे. ज्या द्रवाने गुल्लीच्या तेलाला दिव्यातून हुसकावून लावले, रेणूरचनेने त्याच द्रवासारखे गुल्लीचे तेल बनवणे हे आजच्या तंत्रज्ञांचे काम झाले आहे, आणि या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत लक्षणीय गोष्ट मानावी लागेल.

तेलावर यंत्र चालवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने डिझेल जातीचे एक लहान यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. भारतात दुसऱ्या महायुद्धामुळे या विषयाला निकड आली. १९४० मध्ये शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळाने पहिल्या दोन वर्षांत ज्या प्रक्रिया प्रयोगशाळेच्या पातळीवर सिद्ध केल्या, त्यांत वनस्पती तेलांच्या मिश्रणाचा इंधन आणि वंगण म्हणून वापर हीसुद्धा एक होती. त्याच काळात बालाघाटच्या दक्षिणेला, गोंदियाजवळ बिरसी येथे, इंग्रज सरकारने युद्धासाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, खनिज तेल पुन्हा स्वस्त झाले आणि तेलांवरचे ते संशोधन मागे पडले. बिरसीच्या धावपट्टीवर पुढे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये तेथून नागरी विमानसेवाही सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच दशके गुल्ली साबणाच्या कारखान्यांकडे आणि सालबी मेद काढणाऱ्या कारखान्यांकडे जात राहिली. सालीच्या बीतले मेद चॉकलेटमधल्या कोको लोण्याला पर्याय म्हणून निर्यातही होऊ लागले. मध्य प्रदेश सरकारने तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ मध्ये स्वतःकडे घेतला आणि नंतर सालबीही त्या व्यवस्थेत आणले, १९८४ मध्ये लघुवनोपजासाठी राज्य सहकारी महासंघ स्थापन झाला. गुल्ली मात्र बराच काळ गावोगाव फिरणाऱ्या कोचियाच्या, म्हणजे फिरत्या खरेदीदाराच्या, तराजूवरच राहिली. मीठ, कापड किंवा उचल यांच्या बदल्यात तिचा भाव ठरे, आणि तो ठरवताना ओलसरपणाची वजावट हे खरेदीदाराचे हुकमी हत्यार असे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने लघुवनोपजाची मालकी वनवासींची असल्याचे मान्य केले. २०१३-१४ पासून केंद्राने अशा उपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना सुरू केली, आणि २०२० च्या सुधारित यादीत मोहाच्या बीचा दर किलोला २९ रुपये, करंजाच्या बीचा २२ रुपये असा ठरला.

जैवडिझेलचा काळ २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीच्या अहवालापासून सुरू झाला असे म्हणता येते. त्या अहवालाचा भर रानातल्या झाडांवर नव्हता. तो जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, या झुडपाच्या नव्या लागवडीवर होता, आणि बालाघाटला पूर्वेकडून लागून असलेल्या छत्तीसगडाने हे झुडूप अत्यंत उत्साहाने लावले. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, भरघोस बी देणारे पीक अशी त्याची ख्याती होती. प्रत्यक्षात पाणी आणि खत नसेल तर जट्रोफा जगतो, पण बी फार थोडे देतो, एवढी साधी गोष्ट लाखो रोपे लावल्यानंतर उमगली. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे जे उद्दिष्ट ठेवले होते, त्याच्या जवळपासही देश पोहोचला नाही. पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या मोहाकडे पाठ फिरवून अपरिचित झुडपावर एवढी मोठी पैज लावणे ही धोरणाची चूकच होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

मोहाकडे संशोधक वळले ते स्वतंत्रपणे. जैवडिझेल बनवताना तेलातली मेदाम्ले ग्लिसरीनच्या कण्यापासून सोडवून मिथेनॉल या साध्या मद्यार्काला जोडतात आणि त्यासाठी सहसा अल्कली वापरतात. तेल आम्लधर्मी असेल तर अल्कलीचा साबण होतो आणि सारा घाणा बिघडतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एस. व्ही. घाडगे आणि हिफजूर रहमान यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मोहाच्या तेलातली सुमारे १९ टक्के मुक्त मेदाम्ले आधी आम्लाच्या दोन टप्प्यांनी एक टक्क्याच्या खाली आणून मग जैवडिझेल तयार केले. शास्त्रीयदृष्ट्या उपाय सापडला, परंतु प्रत्येक जादा टप्पा म्हणजे जादा मिथेनॉल, जादा आम्ल आणि जादा खर्च, त्यामुळे आषाढातल्या पावसाची किंमत कारखान्याच्या हिशोबात पुन्हा उतरली.

विमानाला तर असे जैवडिझेल मुळीच चालत नाही. विमान-इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठता कामा नये, आणि हिवाळ्यातल्या बालाघाटात थिजणाऱ्या तेलाचे मिथेनॉलशी संयुग केले तरी ते त्या थंडीच्या आसपासही द्रव राहत नाही. शिवाय त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे वजनाच्या मानाने ऊर्जा कमी मिळते. म्हणून विमानासाठी वेगळा मार्ग शोधावा लागला. उच्च दाबाच्या हायड्रोजनबरोबर, उत्प्रेरकाच्या सान्निध्यात, तेल तापवले की त्यातला ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो, ग्लिसरीनच्या कण्याचा प्रोपेन वायू होतो आणि सोळा-अठरा कार्बनांच्या सरळ साखळ्या उरतात. त्या साखळ्या तोडून आखूड करतात आणि त्यांना फांद्या फोडतात. फांद्या असलेले रेणू एकमेकांशेजारी नीट रचून बसू शकत नाहीत, म्हणून ते थंडीत गोठत नाहीत. या प्रक्रियेतून मिळालेल्या इंधनाला खनिज इंधनात निम्म्यापर्यंत मिसळण्याची मान्यता अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने २०११ मध्ये दिली.

तोपर्यंत आकाशातले प्रयोग झाले होते. ब्राझीलमध्ये एक्स्पेदितो पारेंते यांच्या चमूने वनस्पती तेलापासून बनवलेल्या इंधनावर १९८४ मध्येच बांदेरांते जातीचे विमान उडवले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने नारळ आणि बाबासू या ताडाच्या तेलाचे मिश्रण एका इंजिनात वापरून लंडन ते ॲम्स्टरडॅम उड्डाण केले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एअर न्यूझीलंडने जट्रोफाचे इंधन वापरले, आणि जून २०११ मध्ये केएलएमने तळणीच्या तेलापासूनचे इंधन भरून प्रवाशांना ॲम्स्टरडॅमहून पॅरिसला नेले. भारतात डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने स्वतःची प्रक्रिया विकसित केली. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे क्यू-४०० विमान डेहराडूनहून दिल्लीला आले. त्यातल्या मिश्र इंधनाचे जट्रोफाचे बी छत्तीसगडातल्या शेतकऱ्यांचे होते. डिसेंबर २०१८ मध्ये हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने दहा टक्के मिश्रणावर चाचणी उड्डाण केले, २६ जानेवारी २०१९ रोजी ते दिल्लीच्या संचलनावरून गेले आणि जानेवारी २०२० मध्ये लेहच्या धावपट्टीवर उतरले. फसलेल्या लागवडीतून उरलेले बी असे बालाघाटच्या शेजारच्या मुलखातून हिमालयापर्यंत पोहोचले. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्याच प्राज उद्योगसमूहाचे इंधन होते, पण ते उसाच्या मळीच्या मद्यार्कापासूनचे, म्हणजे वेगळ्या वाटेने आलेले होते.

दरम्यान उद्योगाचे लक्ष तळणीच्या तेलाकडे वळले आहे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात आरोग्याला घातक ध्रुवीय संयुगे साठतात. त्यांची २५ टक्क्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये लागू केली आणि असे तेल हॉटेलांतून गोळा करण्याची मोहीम त्याच वर्षी ऑगस्टात सुरू झाली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिश्रणाचे सूचक उद्दिष्ट केंद्राने जाहीर केले आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्याला वापरलेल्या तेलापासून इंधन बनवण्यासाठी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; त्याची नियोजित क्षमता वर्षाला ३५ हजार टन आहे. हे तेल मोठ्या शहरांत एका जागी पिंपांनी मिळते, तर बालाघाटसारख्या गावातल्या भजी-समोशाच्या कढईतून दिवसाकाठी लिटर-दोन लिटर, आणि तेही बहुधा पुन्हा कढईतच जाते.

रानातल्या बीचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ए-३२० जातीचे विमान तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन जाळते. त्यातला एक टक्का म्हणजे पंचवीस किलो. तेलाचे निम्मे वजन विमान-इंधनात उतरले असे धरले तर पन्नास किलो तेल लागेल, आणि साध्या घाणीवर बीचा तिसरा हिस्सा तेल निघाले तर दीडशे किलो गुल्ली. २०२० च्या आधारभूत दराने तिची किंमत ४,३५० रुपये होते. एका तासाच्या उड्डाणातल्या एका टक्क्यासाठी एवढे बी वाकून वेचावे, फोडावे आणि पावसाच्या सरींमधून वाळवावे लागते. त्यामुळे मोहाच्या तेलावर देशाची विमाने उडतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पठारावरच्या गावांसाठी दीडशे किलो बीचे रोख पैसे आषाढात हाती येणे ही लहान गोष्ट नाही.

हायड्रोजनच्या या नव्या प्रक्रियेने जुन्या व्यवहारातली एक बाजू मात्र पालटली आहे. अल्कलीची वाट ज्या मुक्त मेदाम्लांनी अडवली, ती येथे तितकी नडत नाहीत, कारण कण्यापासून सुटलेल्या साखळीतला ऑक्सिजनही हायड्रोजन तसाच काढून नेतो. उत्प्रेरकाला खरा धोका असतो तो तेलातल्या फॉस्फरसयुक्त चिकट द्रव्यांचा आणि धातूंच्या अंशांचा, आणि ती पाण्याने, आम्लाने व गाळणीने दूर करता येतात. इंधनाचा कारखाना गुल्ली विकत घेईल तेव्हा तिची प्रत ठरवण्याच्या कसोट्या साबणाच्या कारखान्याहून निराळ्या असतील, आणि खवटपणाच्या नावाखाली बाजारात होत आलेली वजावट जशीच्या तशी चालू ठेवण्याला रसायनशास्त्राचा आधार उरणार नाही. त्या कसोट्या खरेदी केंद्रावरच्या फलकावर दरासोबत लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या लिहिताना बी वेचणाऱ्या गावांची ग्रामसभा समोर बसलेली असली पाहिजे.